घरच्या कॉम्प्युटरवर वेब प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात: नेमकं काय काय बसवावं?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

एचटीएमएल आणि सीएसएस आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. नोटपॅडमध्ये लिहिते, फाइलवर डबल क्लिक करते आणि पान ब्राउझरमध्ये उघडतं. आता पुढे जायचंय. मनात एक छोटं काम आहे: घरातल्या पुस्तकांची यादी. फॉर्ममध्ये पुस्तकाचं नाव, लेखक आणि कपाटाचा खण एवढं भरलं की नोंद साठली पाहिजे आणि नंतर शोधता आली पाहिजे.

इथेच गाडी अडलीय. कुणी झॅम्प बसवा म्हणतं, कुणी नोड, कुणी पायथन, आणि कुणी थेट डॉकरपासून सुरुवात करायला सांगतं. कॉम्प्युटरवर विंडोज ११ आहे आणि रॅम ८ जीबी.

शंका अशा:
१. या कामासाठी कमीत कमी काय लागेल?
२. घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवला तर तो बाहेरच्या लोकांना दिसतो का? घरातली बाकीची मंडळीही हाच कॉम्प्युटर वापरतात, म्हणून विचारतेय.
३. नंतर सगळं काढून टाकायचं झालं तर?

---

तिफण

कोरीपाटी, काम आधी ठरवलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण उलट्या बाजूने जातात. आधी दहा गोष्टी बसवतात आणि मग त्यांचं काय करायचं ते शोधत बसतात. बसवण्यातच उत्साह संपतो.

काहीही उतरवून घेण्याआधी एवढं समजून घ्या. आत्ता तुम्ही फाइलवर डबल क्लिक करता तेव्हा ब्राउझर ती फाइल थेट डिस्कवरून वाचतो. ॲड्रेस बारमध्ये पहिलाच शब्द 'फाइल' असा दिसेल. मध्ये कुणी नाही. पण फॉर्ममधली माहिती साठवायची तर ती घेणारं कुणीतरी पलीकडे हवं. तो सर्व्हर. सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्र असायलाच हवं असं नाही. तो एक प्रोग्रॅम आहे, आणि ब्राउझरच्या शेजारी त्याच कॉम्प्युटरवर चालू शकतो. ब्राउझर त्याला 'लोकलहोस्ट' या नावाने हाक मारतो. या नावाचा पत्ता १२७.०.०.१. या पत्त्यावर पाठवलेलं काहीही कॉम्प्युटरच्या बाहेर पडत नाही.

मग सर्व्हरला विचार करायला एक भाषा हवी (पीएचपी, पायथन किंवा नोडवर चालणारी जावास्क्रिप्ट) आणि माहिती ठेवायला डेटाबेस. ब्राउझर, सर्व्हर, भाषा, डेटाबेस: चार गोष्टी. यातला ब्राउझर तुमच्याकडे आहेच.

आज फक्त दोन कामं करा. एक, नोटपॅड सोडून व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर बसवा. दोन, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मेनूत जाऊन फाइलची एक्स्टेन्शन्स दिसतील अशी सोय करा. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे 'इंडेक्स डॉट पीएचपी' वाटणारी फाइल प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट पीएचपी डॉट टीएक्सटी' असते आणि माणूस तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसतो.

---

जुनाखोड

तुमच्या कामाला झॅम्प अगदी चपखल. अपाची हा सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी व पर्ल या भाषा एकाच इन्स्टॉलरमध्ये मिळतात. फुकट आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं.

बसवताना 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका, तिथे विंडोज लिहायची परवानगी सहज देत नाही. 'सी' ड्राइव्हच्या मुळाशी जी जागा तो स्वतः सुचवतो तीच ठेवा. मग कंट्रोल पॅनल उघडून अपाची आणि मायएसक्यूएल या दोन ओळींपुढचं 'स्टार्ट' दाबा. (तिथे नाव मायएसक्यूएल असलं तरी आत मारियाडीबी आहे. मायएसक्यूएलच्याच मूळ लेखकाने तिची ही वेगळी शाखा काढली. शिकणाऱ्याला फरक जाणवत नाही.) दोन्ही नावं हिरवी झाली की ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप करा. स्वागताचं पान दिसलं की झालं.

तुमच्या फाइल्स 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये, त्यातही प्रत्येक कामाला वेगळा फोल्डर. 'पुस्तके' हे फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा. पुढे खूप डोकेदुखी वाचते.

दुसरी शंका: तुमचा राउटर बाहेरून येणारी विनंती आपणहून आत पाठवत नाही, त्यामुळे इंटरनेटवरून कुणाला काही दिसणार नाही. मात्र घरातल्या त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्राला दिसू शकतं. अपाची पहिल्यांदा सुरू होताना विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते, तिथे नकार द्या. तुमचं काम लोकलहोस्टवर तरीही चालेल. आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला पासवर्डच नसतो. ते शिकण्यासाठी बनवलंय, जगासमोर ठेवण्यासाठी नाही.

---

सांजवारा

जुनाखोड यांच्याशी थोडा असहमत. झॅम्प चालतं तोवर छान, पण अडलं की नवशिक्याला कळत नाही की अपाची अडलाय, पीएचपी की डेटाबेस. त्यात मिळणारी पीएचपीची आवृत्तीही बऱ्याचदा ताज्या आवृत्तीच्या मागे असते.

घरातल्या पुस्तकांच्या यादीला अपाची लागतच नाही. २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपीच्या आतच एक छोटा सर्व्हर आहे. फोल्डरमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचं आणि लिहायचं: पीएचपी, जागा, डॅश, मोठा एस, जागा, लोकलहोस्ट, कोलन, ८०००. (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं.) सर्व्हर सुरू. टर्मिनलमध्ये प्रत्येक विनंतीची एक ओळ उमटते: पान मागितलं, चित्र मागितलं, चित्र सापडलं नाही, ४०४. तिफण यांनी सांगितलेली ब्राउझर ते सर्व्हर ही वाट डोळ्यांसमोर चालताना दिसते. शिकणाऱ्यासाठी याहून मोलाचं काही नाही असं माझं ठाम मत आहे. कंट्रोल प्लस सी दाबलं की सर्व्हर बंद.

डेटाबेससाठी एसक्यूलाइट. त्याला सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ती कॉपी केली की बॅकअप झाला.

पायथनची आवड असेल तर तेही उत्तम, एसक्यूलाइट त्याच्याबरोबरच येतं. फक्त इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर 'पाथ'मध्ये (विंडोज कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीत) पायथन जोडायचा चौकोन असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर टर्मिनल म्हणेल की अशी कमांडच मला माहीत नाही.

---

जुनाखोड

सांजवारा, तुमचा मुद्दा पटतो, पण विंडोजवर नुसतं पीएचपी घेतलं की झिप उघडा, 'पाथ'मध्ये स्वतः जोडा, 'पीएचपी डॉट आयएनआय' फाइल बनवा, त्यातली एसक्यूलाइटची ओळ सुरू करा हे सगळं आलं. पहिल्याच दिवशी एवढं कशाला? शिवाय झॅम्पबरोबर पीएचपीमायॲडमिन मिळतं. टेबल कसं दिसतं, नोंद कुठे जाऊन बसली, हे नजरेने पाहता येतं. माझ्या मते नवख्या माणसाला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, कळायला त्याचा फार उपयोग होतो.

---

तिफण

दोन्ही वाटा चांगल्या आहेत. कोरीपाटी, कुठलीही एक घ्या आणि काम पुरं होईपर्यंत सोडू नका. मध्येच दुसरी वाट धरलीत तर दोन्हींचं अर्धवट ज्ञान होतं.

डॉकरचं म्हणाल तर आत्ता नको. ते उपयोगी आहे, पण वेगवेगळ्या यंत्रांवर हुबेहूब तेच वातावरण उभं करायचा प्रश्न सोडवायला ते आलं. तुमचं यंत्र एकच आहे. शिवाय ८ जीबी रॅममध्ये डॉकर, ब्राउझर आणि एडिटर एकत्र चालवले की कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो.

---

कोरीपाटी

सर्वांचे मनापासून आभार. झॅम्प निवडलं, कारण टेबल डोळ्यांनी बघायचंय. पण अपाची सुरूच होत नाही! स्टार्ट दाबलं की नाव क्षणभर पिवळं होतं आणि परत पांढरं. खालच्या चौकटीत लाल अक्षरांत लिहिलंय की पोर्ट ८० दुसरं कुणीतरी वापरतंय, आणि त्यापुढे पीआयडी ४ असा आकडा. हे कोण?

---

जुनाखोड

पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक, आणि ४ म्हणजे खुद्द विंडोज. घाबरू नका, व्हायरस वगैरे काही नाही.

पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमांचे दरवाजे समजा. साध्या वेबपानांचा ठरलेला दरवाजा ८०, सुरक्षित पानांचा ४४३, मायएसक्यूएलचा ३३०६. एका दरवाजावर एका वेळी एकच प्रोग्रॅम उभा राहतो. विंडोजमध्येही स्वतःचा एक वेब सर्व्हर आहे. तो किंवा त्याच्याशी निगडित एखादी सेवा चालू असली की ८० अडवला जातो.

विंडोजशी भांडत बसण्यापेक्षा अपाचीलाच दुसऱ्या दरवाजावर उभं करा. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचीपुढच्या 'कॉन्फिग' बटणावर क्लिक करून यादीतली पहिली फाइल उघडा, 'एचटीटीपीडी डॉट कॉन्फ'. त्यात 'लिसन ८०' अशी ओळ शोधा आणि ८० चं ८०८० करा. सुरुवातीला हॅश असलेल्या ओळी नुसत्या टिपा असतात, त्यांना हात लावू नका. थोडं खाली 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट' या ओळीतही ८० आहे, तिथेही ८०८०. सेव्ह करा, स्टार्ट करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टनंतर कोलन देऊन ८०८० लिहा.

४४३ बद्दलही ओरडा झाला तर तोच उपाय, फक्त एसएसएलच्या कॉन्फ फाइलमध्ये. तिथे ४४३३ करा.

---

कोरीपाटी

झालं! हिरवं झालं! 

---

पाऊलवाट

धाग्याची वाचनखूण साठवली. मीही याच वाटेवर आहे, म्हणून इथेच विचारतो. झॅम्प चालू आहे, दोन्ही नावं हिरवी आहेत, पण माझ्या पानावर पीएचपीचा कोड काहीसा तसाच छापला जातो आणि बाकीचा गायब. काय चुकत असेल?

---

सांजवारा

पाऊलवाट, ॲड्रेस बार बघा. तिथे लोकलहोस्ट आहे की 'फाइल'? तुम्ही फाइलवर डबल क्लिक केलेलं दिसतंय. त्या वाटेवर सर्व्हरच नाही, मग पीएचपी चालवणार कोण? ब्राउझरला पीएचपी कळत नाही. तो ते खूण न ओळखता आलेलं एचटीएमएल समजतो, म्हणून थोडं छापतो, थोडं लपवतो. पत्ता लोकलहोस्टने सुरू करा.

ही सवय नुसत्या जावास्क्रिप्टसाठीही लावून घ्या. मॉड्यूल आयात करणं किंवा 'फेच' वापरून शेजारची फाइल वाचणं हे 'फाइल'च्या पत्त्यावर ब्राउझर सुरक्षेपोटी अडवतो. एफ१२ दाबून कन्सोल उघडलंत तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं सापडेल. पान रिकामं दिसलं की आधी एफ१२, मग इथे प्रश्न, असा क्रम ठेवा.

---

पाऊलवाट

अगदी तेच होतं. धन्यवाद.

---

कोरीपाटी

फॉर्म चालला, टेबलात नोंदही गेली. पण पुस्तकाचं नाव मराठीत भरलं की यादीत नुसती प्रश्नचिन्हं येतात. इंग्रजी नावं बरोबर दिसतात. पानाच्या डोक्यात यूटीएफ-८ ची मेटा ओळ आहे. टेबल बनवायची एसक्यूएल एका जुन्या धड्यातून घेतली होती.

---

बोरूबहाद्दर

हा प्रश्न देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पीएचपीमध्ये 'एसटीआरलेन'ला विचारा, ते १५ सांगेल. 'एमबी' जोडलेलं त्याचं भावंड ५ सांगेल. आणि वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजणारं 'ग्राफीम' वालं फंक्शन ३ सांगेल: म, रा, ठी. स्वतः करून पाहा, दहा मिनिटांत खूप काही उलगडतं.

आता बिघाड दोन तऱ्हांचे. मराठीऐवजी चित्रविचित्र लॅटिन अक्षरं आली, त्यात माथ्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' दर दोन-तीन चिन्हांनी परत परत आला, तर बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तेच अक्षर पुन्हा पुन्हा दिसतं. हा बिघाड सुधारता येतो.

प्रश्नचिन्हं आली तर पीएचपीमायॲडमिनमध्ये तेच टेबल उघडा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर माहिती सुरक्षित आहे, फक्त पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातलं बोलणं चुकतंय. पण तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर मूळ अक्षरं साठलेलीच नाहीत. तुमच्या जुन्या धड्यातल्या टेबलाच्या शेवटी बहुधा 'लॅटिन१' लिहिलेलं असेल. त्या टेबलाला देवनागरी ठेवायला जागाच नाही, मग तो प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो.

उपाय: टेबल 'यूटीएफ८एमबी४' मध्ये नव्याने बनवा. नुसतं 'यूटीएफ८' नको. मायएसक्यूएलच्या त्या जुन्या प्रकारात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. मराठी त्यात मावते, पण इमोजी चार बाइटचे असतात, ते मावत नाहीत. मग पीएचपीमध्ये डेटाबेसशी जोडणी करताना तिथेही कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ सांगा. शेवटी व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे पाहा, फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह होतेय ना. तिथे 'बीओएम'सह असं लिहिलेलं असेल तर ते काढा. तीन अदृश्य बाइट फाइलच्या सुरुवातीला बसतात आणि पीएचपी तक्रार करतं की हेडर आधीच पाठवून झालेत.

---

कोरीपाटी

लॅटिन१ च होतं! टेबल नवं केलं, नोंदी परत भरल्या, आता सगळं मराठीत दिसतंय. पहिल्यांदाच काहीतरी खरं बनवल्यासारखं वाटतंय.

---

तिफण

अभिनंदन! आता गिट बसवा. चालणारा कोड हातात आहे तोच योग्य क्षण. आज चालतंय त्याची नोंद करून ठेवलीत की उद्या कितीही मोडतोड करून आजच्या जागी परत येता येतं.

आणि फॉर्ममधून आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट जोडत असाल तर आजच सोडा. 'प्रिपेर्ड स्टेटमेंट' शिका, म्हणजे वाक्य आधी आणि भरलेली माहिती वेगळी पाठवायची पद्धत. पुस्तकाच्या नावात एक अवतरणचिन्ह आलं तरी तुमचं वाक्य तुटेल, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून अख्खं टेबल पुसू शकतो. घरच्या यादीला धोका नाही, पण बोटांना सवय इथेच लागते.

---

ओलीसांज

उशिरा आले, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. पुढे हे सगळं भाड्याच्या सर्व्हरवर चढवाल तेव्हा तिथे बहुतेक लिनक्स असेल. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. घरी व्यवस्थित दिसणारी चित्रं तिथे गायब होतात ती यामुळेच. सगळी नावं लहान लिपीत ठेवा.

आणि कामाचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या डेस्कटॉपवर ठेवू नका. पुढे नोड शिकायला घेतलंत तर त्याच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइल्स येतात, त्या चढवत बसण्यात कॉम्प्युटर अडकून पडतो.

---

जुनाखोड

कोरीपाटींची तिसरी शंका राहिली. झॅम्प काढण्याआधी पीएचपीमायॲडमिनमध्ये डेटाबेस निवडून 'एक्स्पोर्ट' करा. मिळणारी एसक्यूएल फाइल आणि एचटीडॉक्समधला तुमचा फोल्डर, एवढं जपलं की दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर यादी परत उभी राहते. डेटाबेसचा 'डेटा' फोल्डर नुसता उचलून ठेवण्यावर विसंबू नका, तो चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. कॉम्प्युटर बंद करण्याआधी कंट्रोल पॅनलमध्ये मायएसक्यूएलचं 'स्टॉप' दाबायचं. अचानक वीज गेल्यावर तो पुन्हा सुरू होत नाही अशा तक्रारी नेहमीच्या आहेत, म्हणून एक्स्पोर्ट अधूनमधून करत राहा.

---

कोरीपाटी

एक्स्पोर्ट केलं, गिटही बसवलं. एक शेवटची शंका. नावांप्रमाणे यादी लावली तर 'ज्ञ' ची पुस्तकं 'ज' मध्ये आणि 'क्ष' ची 'क' मध्ये येतात. ती शेवटी यायला हवीत ना?

---

बोरूबहाद्दर

आपल्या वर्णमालेप्रमाणे हो: ह, ळ, क्ष, ज्ञ. पण युनिकोडमध्ये 'ज्ञ' हे एक चिन्ह नाही. ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हं ओळीने असतात, म्हणून डेटाबेस त्याला 'ज' च्या घरात बसवतो. 'क्ष' चंही तसंच. 'ळ' सुद्धा तो 'ल' च्या पाठोपाठ ठेवतो.

दोन मार्ग. यादी डेटाबेसमधून तशीच आणा आणि पीएचपीच्या 'इंटल' एक्स्टेन्शनमधल्या 'कोलेटर'ला (अक्षरक्रम लावणाऱ्या सोयीला) मराठीचं लोकेल, म्हणजे भाषेची खूण, देऊन लावून घ्या. झॅम्पमध्ये हे एक्स्टेन्शन 'पीएचपी डॉट आयएनआय'मध्ये असतं, पण त्या ओळीपुढे अर्धविराम असेल तर तो काढून अपाची पुन्हा सुरू करावा लागतो. नाहीतर टेबलात 'क्रम' नावाचा एक जास्तीचा रकाना ठेवा आणि नोंद भरतानाच त्यात तुमच्या मनातला क्रम लिहा. पुस्तकं शे-दोनशे असतील तर पहिला मार्ग पुरे. आधी ल, ळ, ह, क्ष, ज्ञ ची चार-पाच नावं भरून क्रम मनासारखा लागतो का ते तपासा आणि मगच पूर्ण यादीला लावा.